बरगड्यांचं फ्रॅक्चर : हॉस्पिटलच्या उपचारांसोबत अ‍ॅक्युपंक्चर घ्यावं का?

मुठेकाठची

मंडळी, घाईतच लिहितेय. बाबा (वय ६८) सिंहगड रस्त्यावर स्कूटरवरून पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण डावी कूस दुभाजकावर आपटली. सीटी स्कॅनमध्ये डावीकडच्या सहावी ते नववी अशा चार बरगड्या मोडल्याचं दिसलं. फुप्फुसाला थोडा मुका मार आहे, पण हवा किंवा रक्त साठलेलं नाही. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले. सध्या वॉर्डात आहेत. वेदनाशामक चालू आहेत, श्वासाच्या व्यायामासाठी तीन बॉलचं यंत्र दिलंय, फिजिओ येऊन व्यायाम करून घेतात.

अडचण दुखण्याची आहे. खोकायचं म्हटलं की चेहरा पांढरा पडतो. श्वास अगदी वरवर घेतात. ट्रॅमाडॉल दिलं की मळमळतं, नाही दिलं की रात्रभर कण्हतात. आत्याचं म्हणणं, अ‍ॅक्युपंक्चर सुरू करा. तिची गुडघेदुखी त्याने बरीच कमी झाली. भाऊ म्हणतो, हॉस्पिटल चालू असताना भलतं काही नको. दोघांनाही बाबांची काळजीच आहे, त्यामुळे कुणाला गप्प करता येत नाही.

बरगड्या मोडलेल्या असताना कुणी अ‍ॅक्युपंक्चर घेतलंय का? वॉर्डात चालतं, की घरी आल्यावर? छातीत सुया टोचतात का? पुण्यात कुणाकडे जावं ते व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवा, धाग्यावर नावं नकोत.

डेक्कनक्वीन

बापरे. बाबांना लवकर आराम पडो. तुम्हीही वेळेवर जेवा-झोपा, हॉस्पिटलच्या बाकावर बसून माणूस आजारी पडतो.

पेठेतला

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बरगडी साधारण सहा आठवड्यांत आपली आपण जुळते. पुढे महिना-दीड महिना थोडंफार दुखत राहतं, मग तेही जातं. या काळात तुम्ही सुया टोचा, लेप लावा नाहीतर काहीच करू नका, तिसऱ्या आठवड्यापासून बरं वाटायला लागणारच. आणि ज्याच्याकडे गेलात त्याला श्रेय मिळणार. भावाचं ऐका.

निद्रादेवी

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहिते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो हलू देत नाहीत. बरगडीला ती सोय नाही. माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला मोडलेली टोकं हलतात. दुखतं म्हणून तो नकळत श्वास आखडतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथेच बसतो आणि न्यूमोनिया होतो. वयस्कर पेशंटच्या बाबतीत आमचं खरं लक्ष या साखळीकडे असतं, हाडाकडे त्यामानाने कमी. २००० साली अमेरिकेत ६५ आणि त्यापुढच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. दुखणं कमी करणं हाच इथे मुख्य उपचार आहे, हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं. "मी सहन करतोय" म्हणणाऱ्या आजोबांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मुठेकाठची, राउंडला डॉक्टर आले की विचारा : पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना चालू आहे का? दुखल्यावर मागून घ्यायचं, असं नको. ट्रॅमाडॉल सोसत नाही हे स्पष्ट सांगा, त्याला पर्याय असतात. आणि नर्व्ह ब्लॉक करता येईल का हे जरूर विचारा. सोनोग्राफीत बघत छातीच्या कडेला किंवा मणक्याशेजारच्या स्नायूखाली भुलीचं औषध सोडतात. बारीक नळी ठेवली तर काही दिवस औषध देत राहता येतं. मणक्याशेजारच्या स्नायूखालचा हा ब्लॉक २०१६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, आता बऱ्याच ठिकाणी करतात. चार बरगड्या आणि ६८ वय, म्हणजे विचारण्यासारखं नक्की आहे.

अ‍ॅक्युपंक्चरबद्दल रात्री लिहिते, आता ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंय.

पिंपळपान

आमच्याकडे भोरच्या बाजूला छातीला घट्ट पट्टा बांधतात आणि हाडवैद्याचा लेप लावतात. माझ्या चुलत्यांना त्याने खूप आराम पडला होता. सुयांपेक्षा ते बरं ना?

हळूश्वास

पिंपळपान, पट्टा कृपा करून नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पूर्वी हॉस्पिटलांतही चिकटपट्ट्या लावून छाती आवळायचे, ते आता बंद केलंय. आवळल्यावर दुखणं कमी वाटतं हे खरं, पण श्वास आणखी आखडतो आणि निद्रादेवींनी सांगितलेली साखळी तिथूनच सुरू होते. आधार हवाच असेल तर खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. खोकला झाला की उशी बाजूला. लेप चोळून लावत असतील तर तेही नको, मोडलेली टोकं सरकतात.

तीन बॉलच्या यंत्राबद्दल थोडं. घरोघरी लोक ते फुग्यासारखं फुंकतात. ते आत ओढायचं असतं. पहिला बॉल सेकंदाला ६०० मिलीच्या वेगाने हवा ओढली की उचलला जातो, दुसरा ९०० ला, तिसरा १२०० ला. तिन्ही एकदम उडवण्याची शर्यत लावू नका. एक बॉल वर गेला आणि दोन-तीन सेकंद तिथे टिकला, तर तो चांगला श्वास. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये विश्रांती घेत. वेदनाशामक घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करायला बसवलं तर जास्त जमतं.

रानवाटा

आमचा अनुभव सांगते. नवरा राजगडावरून उतरताना घसरला, उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या. वॉर्डात असताना अ‍ॅक्युपंक्चर केलं नाही, कारण बाहेरच्या उपचारकांना तिथे परवानगी नव्हती. घरी आल्यावर सर्जनना फोन करून विचारलं. ते म्हणाले, छातीला सुई लावणार नसतील तर माझी हरकत नाही, आणि माझी औषधं बंद करू नका.

ज्या बाई आल्या त्यांनी आधी डिस्चार्जचे कागद वाचून काढले. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, पेसमेकर आहे का, हे विचारलं. मग मनगटाच्या वर हाताच्या मागच्या बाजूला आणि गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या अंगाला अशा मोजक्याच सुया लावल्या. सुयांची पाकिटं आमच्यासमोर फोडली, वापरलेल्या सुया डब्यात. छातीला हातसुद्धा लावला नाही. वीसेक मिनिटं सुया ठेवल्या, आणि मला आवडलं ते हे की त्या वेळात त्याला उशी धरून खोल श्वास घ्यायला आणि खोकायला लावलं. एरवी जो कफ निघत नव्हता तो निघाला.

गुण किती? त्या रात्री तो कुशीवर वळू शकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखणं बरंचसं परत आलं. हाड लवकर जुळलं असं काही आम्हाला दिसलं नाही आणि त्या बाईंनी तसा दावाही केला नाही. पण पहिले दोन-तीन आठवडे तेवढा आधारही मोठा वाटतो हो.

गवाक्ष

माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या तेव्हा खोकल्यापेक्षा हसण्याने जास्त जीव घेतला. मित्र भेटायला यायचे आणि कॉलेजच्या गोष्टी काढायचे. शेवटी बायकोने दारावर पाटी लावली : "पेशंटला हसवू नये. हसवल्यास रात्री उशाशी बसण्याची जबाबदारी हसवणाऱ्याची राहील. १ ते ४ भेट बंद." एक मित्र खरंच रात्री राहिला.

डेक्कनक्वीन

गवाक्ष, पाटीचा फोटो असेल तर टाका!

सोलापुरी

थोडं विषयांतर. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आलं त्याला आपल्या सोलापूरचा एक धागा आहे. १९३८ मध्ये चीनमध्ये युद्धातल्या जखमींच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले, वय अवघं ३२. बसू परत आले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. कोटणीसांच्या सोलापुरातल्या घरी आता स्मारक आहे, जमलं तर बघून या.

पेठेतला

माहिती छान, सोलापुरी. पण परंपरा जुनी आहे किंवा माणसं थोर होती म्हणून उपचार लागू पडतो असं होत नाही. रानवाटा, तुमच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. शंका अशी आहे की, कुणीतरी प्रेमाने वीस मिनिटं शेजारी बसून "खोल श्वास घ्या" म्हणालं असतं, सुया न लावता, तरी तेवढाच गुण आला असता का? मुठेकाठचीच्या घरात पैसा आणि वेळ दोन्ही आधीच खर्च होतंय.

निद्रादेवी

पेठेतला, प्रश्न रास्त आहे. जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं लिहिते.

नेमका याच विषयावर एक अभ्यास २०१४ साली तैवानमधून आला. बरगड्या मोडून रुग्णालयात दाखल झालेले ५८ रुग्ण. एका गटाला नेहमीच्या बारीक सुया, दुसऱ्याला त्वचेत वरवर बसणाऱ्या टाचणीसारख्या छोट्या सुया. सलग तीन दिवस, रोज एकदा. खोल श्वास घेताना, खोकताना आणि कुशीवर वळताना होणारं दुखणं पहिल्या गटात जास्त कमी झालं, आणि बहुतेकांत तो परिणाम किमान सहा तास टिकला. रानवाटांच्या घरी जे दिसलं त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. पण त्याच अभ्यासात यंत्रावर मोजलेली श्वासाची क्षमता सुधारली नाही, झोपही सुधारली नाही. म्हणजे दुखणं काही तास हलकं झालं, फुप्फुसांत मोजता येईल असा फरक पडला नाही.

तुमच्या शंकेला उत्तर देण्यासारखा पुरावा जुनाट दुखण्यांबद्दल आहे. पाठ, मान, गुडघा, डोकेदुखी यांवरचे ३९ अभ्यास आणि २० हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून २०१८ मध्ये विश्लेषण झालं. खऱ्या सुया खोट्या (उपचाराचा नुसता देखावा करणाऱ्या) सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण फरक लहान होता. काहीच न घेणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा फरक मोठा होता. तेव्हा तुम्ही म्हणता तो शेजारी बसण्याचा भाग त्यात आहेच. आत्याच्या गुडघ्याचं खोटं नाही, पण गुडघ्याचा निकाल ताज्या फ्रॅक्चरला लावता येत नाही.

आता सुरक्षितता, कारण माझा जीव इथे अडकतो. अ‍ॅक्युपंक्चरचा सर्वांत माहीत असलेला गंभीर धोका म्हणजे सुई फुप्फुसापर्यंत जाऊन छातीत हवा साठणं. एरवी ते फार क्वचित होतं. पण ज्याच्या एका बाजूच्या फुप्फुसाला आधीच मार आहे, त्याच्या छातीत, पाठीच्या वरच्या भागात किंवा खांद्यावर सुई घालण्यात शहाणपण नाही. चिनी परंपरेतही बरगडीच्या दुखण्यासाठी हातावरचे आणि पायावरचे बिंदू सांगितलेले आहेत, म्हणजे छातीला हात लावायचं कारणच उरत नाही. हॉस्पिटलात पडून असलेल्यांना रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शनं देतात. ती चालू असतील तर उपचारकाला सांगायलाच हवं. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडण्याचा प्रकार नको.

पेठेतला

धन्यवाद, हे नीट कळलं. ५८ म्हणजे फारच थोडे रुग्ण आणि दोन्ही गटांना सुया होत्या, म्हणून माझं मत फारसं बदललं नाही. पण हातापायालाच सुया, डॉक्टरांना विचारून, औषधं चालू ठेवून, एवढं पाळलं तर मी विरोध करणार नाही.

रानवाटा

आणखी एक, नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि कौन्सिलही आहे. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला उपचारक रागावत नाही. "गोळ्या बंद करा, मी बरं करतो" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

धायरीफाटा

पुणेकर म्हणून प्रवासाचं सांगतो. भावाच्या बरगड्या मोडल्या तेव्हा डिस्चार्जनंतर त्याला रिक्षातून आणलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो ओरडत होता. आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर ते किती आहेत हे सगळ्या गल्लीला त्या दिवशी कळलं. तेव्हा उपचार चांगला आहे म्हणून धायरीहून औंधला रोज नेणार असाल, तर जाता-येताच सगळा गुण निघून जाईल. घरी येणारं कुणी बघा किंवा चालत जाण्याइतकं जवळ.

गवाक्ष

धायरीफाटा, १०० टक्के. कारच्या पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे करून, सीटबेल्टखाली छोटी उशी. सीटबेल्ट मात्र लावायचाच. झोपायलाही पहिले काही दिवस आरामखुर्ची पलंगापेक्षा बरी.

पिंपळपान

हळूश्वास, पट्ट्याचं पटलं. मग खाण्यात काय? डिंकाचे लाडू चालतील का? आई विचारतेय.

हळूश्वास

आनंदाने चालतील, मधुमेह नसेल तर. दूध, डाळी, अंडी, नाचणी सगळं द्या. एकच सांभाळा : ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो आणि कुंथताना बरगड्या भयंकर दुखतात. पाणी, भाज्या, रात्री इसबगोल. तंबाखू-सिगारेट असेल तर ती बंद, हाडासाठीही आणि फुप्फुसासाठीही.

मुठेकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ मिळेल तसं बाबांना वाचून दाखवलं. पाटीचा प्रतिसाद मुद्दाम वगळला!

राउंडला निद्रादेवींचे प्रश्न विचारले. ट्रॅमाडॉल बदललं आणि भूलतज्ज्ञांनी येऊन ब्लॉक केला. त्या संध्याकाळी बाबा पडल्यापासून पहिल्यांदा नीट खोकले. आम्ही यंत्र फुंकतच होतो, ते फिजिओंनी परत शिकवलं. आता दुसरा बॉल टिकतो.

अ‍ॅक्युपंक्चरचं सर्जनना विचारलं. वॉर्डात नको म्हणाले. घरी गेल्यावर, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं थांबल्यावर, हातापायालाच करणार असाल तर करा, आणि फॉलोअपला मला सांगा, असं म्हणाले. घरी आल्यावर रानवाटांनी सुचवलेल्या बाईंना बोलावलं. चौकशी करूनच हात लावला. भाऊ समोर बसून होता. सुया असताना आणि नंतर रात्रीपर्यंत बाबा मोकळे वाटले, वळताना कण्हणं कमी होतं. पण औषधंही वेळेवर चालू आहेत आणि दिवसही पुढे जातायत, त्यामुळे कशाचा किती वाटा हे मी सांगू शकत नाही. सध्या आठवड्यातून दोनदा ठेवलंय. व्यायाम आणि गोळ्या ठरल्याप्रमाणेच.

एक विचारायचं होतं. कधी काय झालं तर सरळ इमर्जन्सीला न्यायचं?

निद्रादेवी

ब्लॉक झाला हे वाचून फार बरं वाटलं.

धाप वाढली, ताप आला, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला झाला, छातीत एकाएकी वेगळीच कळ आली, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटला, तर थांबू नका. सुया लावल्यानंतर काही तासांत दम लागला तरी तेच, आणि तिथे सुया लावल्याचं आवर्जून सांगा. बाबांच्या बाबतीत आणखी एक : नववी बरगडी डावीकडची आहे आणि तिच्या आत प्लीहा असते. पोटात डावीकडे दुखणं, डाव्या खांद्यात कारण नसताना कळ, चक्कर, घाम असं काही झालं तर तेही ताबडतोब. १०८ लावा, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

मुठेकाठची

फ्रिजवर लिहून लावते.

कसबाकर

वाचनमात्र होतो, आज लिहितोय. आईचं (७४) खोकून खोकून बरगडीचं फ्रॅक्चर झालंय, पडणं-बिडणं काही नाही. तिलाही अ‍ॅक्युपंक्चर चालेल का?

निद्रादेवी

कसबाकर, तुमचा क्रम वेगळा लागेल. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडली तर आधी हाडांची घनता तपासायची, ड जीवनसत्त्व बघायचं, आणि एवढा खोकला कशाने येतोय ते शोधायचं. सुयांचा विचार त्यानंतर. छातीचा एक्सरे आणि चालू औषधांची यादी घेऊन या आठवड्यातच फिजिशियनना दाखवा. सविस्तर लिहायचं तर नवीन धागा काढा, मी येते तिथे.